हवामानबदलाची काळजी सोसायटीच्या मीटरपर्यंत कशी न्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहा मजली, ४० फ्लॅटची, वीस वर्षं जुनी सोसायटी. दर उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्या वाचून तुमची झोप उडते. प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या, बाल्कनीत रोपं लावली, पण घरातलेच म्हणतात, ‘तुझ्या एकटीने काय होणार?’ आणि रात्री तुम्हालाही तेच वाटू लागतं. मग एका माणसाने असं काय करावं, ज्याचा परिणाम खरंच मोजता येईल?

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वर्षाला दोनशे पातळ पिशव्या नाकारल्या तर प्लास्टिक वाचतं सव्वा किलोच्या आसपास. ते बनवताना आणि जाळताना होणारं उत्सर्जन धरलं तरी हिशेब पाच-सात किलो कार्बन डायऑक्साइडच्या पलीकडे जात नाही. पिशव्या जरूर नाकारा, कारण त्या गटारं तुंबवतात आणि गुरांच्या पोटात जातात. पण तापमानवाढीवरचा उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहिलंत तर निराशा ठरलेली. आता याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा. आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो. घरगुती सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. आणि एसीतला एक किलो ‘आर-४१०ए’ गॅस हवेत सुटला, तर त्याचा परिणाम दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका.

म्हणजे जोर कुठे लावायचा हे या चार आकड्यांवरून ठरतं. दुसरी गोष्ट अशी की यातलं मोठं काम तुमच्या फ्लॅटच्या चार भिंतींत होतच नाही. गच्ची सगळ्यांची, पाण्याची मोटर सगळ्यांची, गरम पाण्याची लाइन सगळ्यांची, कचऱ्याची जागा सगळ्यांची. शिवाय रोजच्या निग्रहावर उभं केलेलं काम दोन महिन्यांत थकतं. एकदा बदललेला पंप मात्र कोणी काळजी केली नाही तरी दहा वर्षं कमी वीज खातो. सोसायट्यांच्या वीज-पाण्याच्या तपासण्यांमध्ये हे वारंवार दिसतं: जिथे यंत्रणा दुरुस्त केली तिथे फरक टिकतो, जिथे फक्त ‘वीज वाचवा’चे कागद चिकटवले तिथे नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच की तुमची काळजी सोसायटीच्या कॉमन मीटरवर आणि गच्चीवर खर्च करा. आणि क्रम पाळा: आधी मोजणी, मग दुरुस्ती, खरेदी सगळ्यात शेवटी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. घरोघरी गॅस गिझर आहेत की विजेचे, पाणी महापालिकेचं की टँकर-बोअरचं, गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली पडते का, तुमची नोंदणी सहकारी संस्था म्हणून आहे की अपार्टमेंट म्हणून. पुण्यात अपार्टमेंट बरीच आहेत आणि त्यांचा कायदा, ठरावाची पद्धत वेगळी. खालचे आकडे तुमच्यासारख्या इमारतीसाठी ढोबळ हिशेब म्हणून घ्या आणि स्वतःचे आकडे त्यांच्या जागी भरा.

मोजणी

खजिनदारांकडून कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं मागा. रक्कम नको, युनिट बघा. मग पंधरा दिवस वॉचमनला रोज सकाळी ६ आणि रात्री ११ वाजता मीटरचं रीडिंग वहीत लिहायला सांगा. रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात लिफ्ट जवळजवळ थांबलेली असते आणि मोटर बहुधा बंद, त्यामुळे तो आकडा म्हणजे जवळपास निव्वळ दिव्यांचा. पार्किंग, जिने आणि आवारातल्या जुन्या ट्यूब चोकसकट ५० वॉटपर्यंत खातात, एलईडी ट्यूब १८ ते २० वॉट. अशा ३० ट्यूब रोज १२ तास जळत असतील तर बदलल्यावर दिवसाला दहा-अकरा युनिट वाचतात, वर्षाला साडेतीन-चार हजार. जिन्यात सेन्सर लावायचे असतील तर प्रत्येक मजल्यावर एक मंद दिवा कायम चालू राहू द्या आणि सेन्सरची वेळ किमान मिनिटभर ठेवा. वेळ कमी ठेवली की आजोबा अर्ध्या जिन्यात अंधारात अडकतात, दुसऱ्या दिवशी सेन्सरवर चिकटपट्टी लागते आणि योजना संपते.

मोटरसाठी वेगळं छोटं मीटर लावून घ्या. इलेक्ट्रिशियन काही हजारांत लावतो आणि सगळ्या तपासणीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण पाणी वर चढवायला किती वीज लागायला हवी हे आधीच काढता येतं. रोजचं पाणी लिटरमध्ये, त्याला खालच्या टाकीपासून वरच्या टाकीपर्यंतच्या उंचीने मीटरमध्ये गुणायचं आणि ३,६७,००० ने भागायचं. ४० घरं, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे सुमारे २२,००० लिटर. उंची आणि पाइपमधलं घर्षण धरून २८ मीटर. उत्तर येतं १.७ युनिट. पंप आणि मोटर मिळून प्रत्यक्षात ३५ ते ४० टक्के कार्यक्षमता मिळाली तरी चालेल, म्हणजे दिवसाला साडेचार-पाच युनिट. तुमच्या मीटरवर दहा-बारा दिसले, तर एक तर पाणी वाया जातंय किंवा पंप.

कोणतं ते असं ओळखा. रात्री २ वाजता वरच्या टाकीतली पातळी खुणेने नोंदवा आणि ५ वाजता परत बघा. तेव्हा कोणी पाणी वापरत नाही, तरी पातळी चांगली चार बोटं उतरली असेल तर गळती आहे, आणि ती बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्यांत असते. प्रत्येक घराने फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि वीस मिनिटं फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वायसर गेला. हा वायसर अगदी किरकोळ किमतीचा असतो. पातळी स्थिर असेल तर दोष पंपात: झिजलेला इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक), गळका फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप), कोणीतरी अर्धा बंद करून ठेवलेला गेटव्हॉल्व्ह, किंवा बिल्डरने ५०-६० मीटर उंचीसाठीचा पंप तुमच्या २८ मीटरवर बसवलेला. शेवटचा प्रकार फार दिसतो. असा पंप आपल्या चांगल्या टप्प्याबाहेर चालतो, जास्त करंट ओढतो आणि मोटर दरवर्षी जळते. मग मिस्त्री ‘अजून मोठी मोटर टाकू’ म्हणतो. त्याला नेमप्लेटवरची हेड (पाणी किती उंच चढवतो) आणि डिस्चार्ज (ठरावीक वेळात किती पाणी देतो) वाचायला लावा.

गच्चीवरचे मेलेले बंब

इथे थोडं थांबतो, कारण पुण्यातल्या वीस वर्षं जुन्या इमारतीत गच्चीवर सोलर वॉटर हीटर बहुधा असतोच आणि बहुधा बंदच असतो. लोक त्याच्याकडे पाठ करून नव्या सौर पॅनेलची कोटेशनं मागवतात. हिशेब करून बघा. चार माणसांच्या अंघोळीचं पाणी २० अंशांनी तापवायला आणि गिझरच्या टाकीतून होणारी उष्णतेची गळती भरून काढायला रोज दोन-सव्वादोन युनिट लागतात. ढगाळ दिवस वजा जाता वर्षाचे २५० दिवस धरले तर घरामागे ५५० युनिट. चाळीस घरांत विजेचे गिझर असतील तर वर्षाला २२,००० युनिट, म्हणजे १५ टन कार्बन डायऑक्साइड. पुढे बोलणार आहे त्या बारा किलोवॉटच्या पॅनेलपेक्षा हे जास्त आहे, आणि यंत्रणा आधीच विकत घेतलेली आहे.

तक्रार नेहमी एकच असते, ‘सकाळी गरम पाणी येत नाही’. पण तिच्यामागे तीन वेगळी दुखणी असतात आणि ती वेगळी काढल्याशिवाय प्लंबरला बोलावू नका.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावरचं पाणी थर्मामीटरने मोजा. ५० अंशांच्या खाली असेल तर दोष उन्हाची उष्णता गोळा करणाऱ्या भागात: फुटलेल्या काचनळ्या, धुळीचा थर, नंतर उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली, किंवा आत साचलेला क्षार. बोअर वा टँकरचं पाणी या यंत्रणेला जोडलेलं असेल तर क्षार येणारच. ती लाइन महापालिकेच्या पाण्यावर घ्या आणि वर्षातून एकदा क्षार काढण्याचं काम करून घ्या.

संध्याकाळी टाकी गरम, पण पहाटे ५ वाजता कोमट असेल, तर टाकीचं इन्सुलेशन ओलं होऊन कामातून गेलंय किंवा रात्रीतून थंड पाणी आत शिरतंय.

टाकी पहाटेही गरम, पण घरात थंड, ही तिसरी आणि सगळ्यात त्रासदायक अवस्था. एक कारण उघडे पाइप. त्यांना इन्सुलेशन लावा आणि त्यावर ऊन लागू नये म्हणून आवरण घाला, नाहीतर दोन उन्हाळ्यांत काळा फोम भुकटी होतो. दुसरं कारण गरम-थंड लाइन एकमेकींत मिसळणं. कुणाच्या तरी बाथरूममध्ये मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पाणी फक्त पुढे हँडशॉवरला बंद केलेलं असतं. थंड लाइनचा दाब जास्त असल्याने थंड पाणी तिथून गरम लाइनमध्ये घुसतं आणि वरच्या-खालच्या चार घरांना थंडगार अंघोळ. चाचणी सोपी आहे. दुपारी गच्चीवर सोलर टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खालच्या मजल्यावर गरम नळ उघडा. लाइनमधलं पाणी निघून गेल्यावर धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर पाणी कुठल्यातरी घरातून येतंय. मग एकेका घराचा गरम पाण्याचा स्टॉपकॉक बंद करत जा, धार जिथे थांबेल ते घर. कायमचा इलाज म्हणजे प्रत्येक घराच्या गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि तो सोसायटीच्या खर्चातून बसवावा. ‘ज्याचा दोष त्याने भरावं’ म्हटलं की कोणीही दार उघडत नाही.

एसीचा गॅस

तुमच्या यादीत हा मुद्दा नव्हता आणि बहुतेकांच्या नसतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. ती बंद नळी आहे, कारखान्यातून निघताना भरलेला गॅस वर्षानुवर्षं तेवढाच राहायला हवा. दर उन्हाळ्यात ‘सर्व्हिसिंग आणि गॅस भरणं’ चालू असेल तर दर वर्षी तुमच्या एसीतून गॅस गळतोय. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. जुन्या ‘आर-२२’चा आणि ‘आर-४१०ए’चा एक किलो अनुक्रमे सुमारे १.८ आणि २.१ टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा, नव्या ‘आर-३२’चा पाऊण टनाच्या आत. म्हणजे ‘आर-४१०ए’ची एक पूर्ण गळती ही तीन हजार युनिट विजेइतकी. तुम्ही २४ ऐवजी २६ अंशांवर एसी चालवून दोन उन्हाळ्यांत वाचवाल त्याहून ती कितीतरी मोठी. तापमान वाढवूच नका असं नाही. दर अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते, तीही घ्या.

मेकॅनिकला फोनवरच सांगा: आधी गळती शोधायची, मग गॅस. गळती बहुतेक वेळा बाहेरच्या युनिटजवळच्या तांब्याच्या नळीच्या नटांवर असते, तिथे तेलकट डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघायचे, जोड दुरुस्त करायचा, मग व्हॅक्यूम पंप वीस-तीस मिनिटं चालवायचा आणि युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. दाब बघून अंदाजे भरणारा आणि व्हॅक्यूम पंप न आणता ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणारा मेकॅनिक परत पाठवा. ‘आर-३२’ थोडासा ज्वलनशील आहे, त्यामुळे आत गॅस असताना नळीवर ज्योत नको. घर बदलताना एसी काढायचा तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून मगच नट सोडवायला सांगा. सगळ्यात वाईट शेवट भंगारवाल्याकडे होतो. तो तांब्यासाठी नळी कापतो आणि सगळा गॅस एका फटक्यात जातो. जुना एसी एक्सचेंजमध्ये किंवा ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्या, आणि त्याआधी गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारा मेकॅनिक मिळाला तर उत्तम. सोसायटीतल्या सगळ्या एसींसाठी मिळून असा एक चांगला मेकॅनिक ठरवला तर त्यालाही परवडतं.

ओला कचरा

घरामागे रोज ६०० ग्रॅम धरले तर तुमच्याकडे दिवसाला २४ किलो, वर्षाला पावणेनऊ टन. हा कचरा खोल, दाबलेल्या ढिगाऱ्यात हवेविना कुजला तर मिथेन निघतो आणि टनामागे साधारण टनभर कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. शहरात तो वेगळा उचलून खत किंवा बायोगॅस होत असेल तर फायदा अर्थातच कमी. तरी आवारात जिरवण्याचं कारण उरतं: उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या कचऱ्याचा वास सोसलाय.

४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच, जाळीदार विटांच्या तीन-चार टाक्या पुरतात. तळाशी एक विटांचा थर, त्यावर काटक्या, वर छप्पर. रोजच्या ओल्या कचऱ्याइतकाच, म्हणजे बादलीस बादली, सुका पालापाचोळा. लोक इथेच चुकतात. उन्हाळ्यात झाडून जाळलेला किंवा गाडीत भरून दिलेला पाला पावसाळ्यात मिळत नाही. जानेवारी ते मे पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. तो संपला की लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट. मूठभर मिश्रण पिळून बघा, एक-दोन थेंब निघाले तर ओल ठीक, धार लागली तर पाला घाला, काहीच नाही तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा उलटा-पालटा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने खातात. उंदीर आले तर जाळी बारीक करा आणि शिजलेलं अन्न वर उघडं राहू देऊ नका. ४५ ते ६० दिवसांत खत होतं.

‘२४ तासांत खत’ करणारं विजेचं यंत्र घेऊ नका. त्यात हीटर कचरा वाळवतो, कुजवत नाही. बाहेर पडणारी भुकटी कुंडीत ओली झाली की पुन्हा कुजायला लागते, वास येतो, रोप मरतं, आणि कॉमन मीटर मात्र धावतो. हे काम कचरा वेचणाऱ्या ताईंनाच द्या आणि त्याचे वेगळे पैसे ठरवा. सभासदांनी पाळीपाळीने करायचं म्हटलं की गणपतीपर्यंत बंद पडतं.

आता सौर पॅनेल

आत्ता का, आधी का नाही? समजा तुमचा कॉमन वापर महिन्याला १,४०० युनिट आहे. आज पॅनेल लावलेत तर १२ किलोवॉट लागतील, कारण आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. दिवे आणि मोटर दुरुस्त करून वापर ९०० वर आला तर ८ किलोवॉटमध्ये भागतं. आधी दुरुस्ती केली तर तेवढे लाख-दोन लाख वाचतात. वर्षअखेर उरलेल्या जादा युनिटांना फार कमी दर मिळतो, त्यामुळे मोठं बसवून कमाई होईल ही आशा ठेवू नका.

एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. सावली डिसेंबरच्या उत्तरार्धात बघा, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचे फोटो काढा. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली हे नेहमीचे गुन्हेगार. एका ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तर सगळ्या ओळीचं उत्पादन खाली येतं. केंद्राच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी देशात बनलेल्या सेलचीच पॅनेल लागतात आणि विक्रेता योजनेत नोंदवलेला हवा. कोटेशनमध्ये हे लेखी घ्या. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा असावा, आणि स्लॅबमध्ये ड्रिल न मारता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा असावा. ड्रिल मारलं की पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या घरात गळती आणि मग सगळा राग पॅनेलवर. दिवाळीनंतर मेपर्यंत पंधरा दिवसांनी पहाटे पॅनेल धुवा, बोअरच्या पाण्याने नको, पांढरे डाग पडतात.

वीज दर, नेट मीटरिंगचे (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा करण्याचे) नियम आणि वेळेनुसार आकारणी बदलत राहते, म्हणून किती वर्षांत पैसे वसूल होतील हे विक्रेत्याच्या तक्त्यावरून ठरवू नका. बिलाची रक्कम भागिले युनिट असा तुमचा खरा दर काढा, त्यातून स्थिर आकार वगळा, कारण तो पॅनेल लावल्यावरही भरावाच लागतो, आणि मग हिशेब करा.

कमिटीपुढे

पहिल्याच सभेत हवामानबदलावर भाषण नको. लपवायचंही कारण नाही, कोणी विचारलं तर सरळ सांगा. पण कागदावर फक्त एक पान असू द्या: आत्ता किती युनिट, कुठे जातात, पहिल्या टप्प्याचा खर्च किती, महिन्याला किती वाचेल. पहिला टप्पा इतका लहान ठेवा की कमिटी स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकेल, म्हणजे मोटरचं मीटर आणि पार्किंगचे दिवे. दोन बिलं कमी आलेली दिसली की वार्षिक सभेत मोठा ठराव मांडा. सहकारी संस्थेची ही सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून कोटेशनं जुलैपर्यंत हातात हवीत आणि विषय सभेच्या नोटिशीत छापलेला हवा. ऐनवेळच्या विषयात मोठा खर्च आणला की हरकत येतेच. सिंकिंग फंडाला हात लावण्याआधी लेखापरीक्षकांना विचारा, तो मोठ्या दुरुस्त्या आणि पुनर्बांधणीसाठी असतो. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण चालू असलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते, त्याची पात्रता तपासा. हा मुद्दा सभेत एका मिनिटात मतं फिरवतो.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर चर्चा सुरू करू नका. तिथे विरोध करणं फुकट असतं. त्यापेक्षा इमारतीतली दोन माणसं गाठा: वीज-यंत्रांतलं कळणारे एखादे निवृत्त काका आणि खजिनदार. एकाला रीडिंगची वही द्या, दुसऱ्याला हिशेब.

उन्हाळा मात्र या वर्षीही येणार आहे, तेव्हा एक काम लगेच करा. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनवर बांबूची चटई किंवा पांढरा परावर्तक रंग, आत पंखा, पिण्याचं पाणी. वरच्या मजल्याच्या गच्चीवर पॅनेल न येणाऱ्या भागाला तोच रंग दोन हात. चुना स्वस्त पडतो पण पावसात धुऊन जातो.

तुमच्या झोपेबद्दल. मी वीज-पाण्याचा माणूस, मनाचा डॉक्टर नाही. एवढं सांगतो की वही, मीटर आणि ठरलेली पुढची तारीख हातात असलेली माणसं या विषयावर कमी तळमळताना दिसतात. वरचं सगळं जमलं तर तुमच्या इमारतीचं उत्सर्जन वर्षाला वीस-पंचवीस टनांनी कमी होऊ शकतं. जगाच्या हिशेबात ते नगण्य आहे आणि त्याने पुण्याचा मे महिना थंड होणार नाही. पण ते दोनशे पिशव्यांच्या काही हजार पट आहे. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, कामावर परिणाम होत असेल, तर ती गोष्ट वेगळी समजा आणि डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

पुढचं विचाराल तेव्हा या गोष्टी बरोबर द्या: बारा महिन्यांचे युनिट, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, खालच्या टाकीपासून वरच्या टाकीपर्यंतची उंची, गरम पाण्याच्या टाकीचं संध्याकाळी ५ आणि पहाटे ५ चं तापमान, आणि गच्चीचे तीन वेळचे फोटो. त्यावरून पंप आधी की बंब आधी हे नक्की सांगता येईल.